जोडीदार पंच साथ देत नसेल तर

बास्केटबॉलच्या पंचांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. तिन्ही पत्रलेखकांची तक्रार खेळाडूंबद्दल, प्रशिक्षकांबद्दल किंवा प्रेक्षकांबद्दल नसून आपल्याच जोडीला उभ्या असलेल्या पंचांबद्दल आहे. नावे, गावे आणि स्पर्धा यांचे उल्लेख वगळून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी चार वर्षांपासून जिल्हा आणि शालेय स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो. आमच्याकडे बहुतेक सामने दोनच पंचांवर चालतात. माझी नेमणूक वारंवार एका ज्येष्ठ पंचांबरोबर होते. ते सामना सुरू व्हायच्या दोन मिनिटे आधी येतात, त्यामुळे आधी काही ठरवायला वेळच मिळत नाही. लीडची, म्हणजे बास्केटजवळच्या पंचाची, जागा त्यांच्याकडे असली तरी ते बास्केटमागच्या शेवटच्या रेषेपर्यंत, म्हणजे बेसलाइनपर्यंत, येत नाहीत, मध्यरेषेच्या थोडे पुढे थांबतात. तरीही माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर घडलेल्या गोष्टीवर ते तिथूनच शिट्टी वाजवतात आणि चेंडू रेषेबाहेर गेल्यावर तो कोणाचा याबद्दल मी दिलेला निर्णय दोन्ही संघांसमोर हाताने ‘नाही, नाही’ करत फिरवतात. नेमणुका करणाऱ्या मंडळींमध्ये त्यांचे वजन आहे, म्हणून मी आजवर गप्प राहिलो. आता सामन्याला जायचीच इच्छा उरलेली नाही. मी काय करावे? – एक पंच, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य वाचून वाईट वाटले. चांगले पंच हा खेळ सोडतात ते बहुतेकदा प्रेक्षकांच्या ओरड्यामुळे नव्हे, तर अशाच एकटेपणामुळे, हे मी माझ्या पंचवीसेक वर्षांच्या कामात अनेकदा पाहिले आहे.

आधी नियम काय सांगतो ते पाहू, कारण ज्येष्ठतेच्या दडपणाखाली तो हमखास विसरला जातो. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला आणि त्यासाठी तेरा नियम लिहिले, तेव्हापासूनच त्यात दोन अधिकारी आहेत आणि दोघांची कामे वेगळी वाटून दिलेली आहेत: एकाने माणसांकडे पाहायचे, म्हणजे फाऊल टिपायचे, आणि दुसऱ्याने चेंडूकडे पाहायचे, म्हणजे तो कोणाचा, आत की बाहेर, हे ठरवायचे आणि वेळही सांभाळायची. पुढे ही विभागणी बदलली आणि आता दोघेही दोन्ही पाहतात, परंतु एकाच्या नजरेतून जे सुटते त्यासाठी दुसरा असतो, हे तत्त्व कायम राहिले. आज फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत स्पष्ट म्हटले आहे की कोणत्याही पंचाला दुसऱ्या पंचाने आपल्या कर्तव्याच्या मर्यादेत घेतलेला निर्णय रद्द करण्याचा किंवा त्याबद्दल शंका उपस्थित करण्याचा अधिकार नाही. पंचांमध्ये मतभेद झाला तर अंतिम निर्णय क्रू चीफचा, म्हणजे मुख्य पंचाचा, असतो आणि त्यासाठी तो सहकारी पंचाचा, टेबलावरील अधिकाऱ्यांचा आणि सामन्यावर देखरेख करणारे कमिशनर असल्यास त्यांचाही सल्ला घेऊ शकतो. म्हणजे तुमचे ज्येष्ठ सहकारी क्रू चीफ असले, तरी मतभेद निर्माण झाल्यावर निर्णय देण्याचा अधिकार त्यांना आहे. तुमच्याशी एक शब्दही न बोलता दुरून हात हलवून तुमची खूण पुसून टाकणे म्हणजे तो अधिकार नव्हे.

हा नियम पाठ असला म्हणून तो सामना चालू असताना त्यांना ऐकवायचा नसतो. तुम्ही उजवीकडे हात केला आहे आणि त्यांनी डावीकडे, अशा वेळी तुम्ही आपला हात तसाच ताणून धरलात, तर दहा खेळाडू आणि दोन बाकांवरची माणसे एकाच क्षणी ओळखतात की आज पंचांमध्ये फूट आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक शिट्टीवर दोघांपैकी सोयीच्या पंचाकडे दाद मागायला सुरुवात होते. म्हणून हात खाली घ्या, घड्याळ बंद आहे याची खात्री करा, त्यांच्याकडे चालत जा आणि शांतपणे एवढेच विचारा, “सर, तुम्ही हात लागलेला पाहिलात का?” त्यांनी खरोखर काही पाहिले असेल तर ते सांगतील. मग नवी खूण तुम्ही स्वतः करा, कारण रेषा तुमची होती. त्यांनी काही पाहिलेले नसेल, तर या प्रश्नाला उत्तर देणे त्यांना जड जाते आणि तीनचार वेळा असे झाले की दुरून हात हलवण्याची सवय बरीच कमी होते. ती एका सामन्यात जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

यापुढचे मी थोडे विस्ताराने सांगते, कारण गप्प राहण्याची किंमत मी एकदा स्वतः पाहिली आहे. मुलींचा एक आंतरशालेय सामना होता, तिसरे क्वार्टर चालू होते. माझे जोडीदार माझ्यापेक्षा बरेच अनुभवी होते आणि त्या दिवशी सकाळपासून माझ्या प्रत्येक प्रश्नाला “बघू गं” एवढेच उत्तर देत होते. शॉट मारताना ७ नंबरच्या मुलीला धक्का बसला, फाऊल त्यांनी दिला, दोन फ्री थ्रो होते. रेषेवर येऊन उभी राहिली ती ११ नंबरची, त्या संघातली सर्वांत भरवशाची नेमबाज. शॉट मारताना ज्या खेळाडूवर फाऊल झाला तिनेच फ्री थ्रो घ्यायचे असतात, हे मला ठाऊक होते आणि मुलगी बदलली आहे हे मी पाहिलेही होते. परंतु जोडीदारांनी तिच्या हातात चेंडू दिला आणि मी स्वतःची समजूत घातली की त्यांनी पाहिले असेलच. दोन्ही फ्री थ्रो बास्केटमध्ये गेले. टेबलावर स्कोअरर मुलगी लाल पेन हातात धरून थांबली होती. पहिले आणि तिसरे क्वार्टर लाल शाईने लिहायचे असते. तिच्या पेनाचे टोक कागदापासून बोटभर वर थांबले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती, कारण तिलाही नंबर चुकल्याचे समजले होते. मग विरोधी संघाच्या कर्णधाराने विचारले आणि चूक उघड झाली. दोन्ही गुण रद्द करावे लागले आणि चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागला. पहिला थ्रो हातातून सुटण्याआधी मी शिट्टी वाजवली असती, तर कोणत्याही शिक्षेविना फक्त मुलगी बदलून खेळ पुढे गेला असता. ती ७ नंबरची मुलगी रडत होती. तिची चूक काहीच नव्हती, चूक माझी होती.

म्हणून तुम्ही मनात एक रेघ आखून घ्या. संपर्क बेकायदेशीर होता की नव्हता, ब्लॉक (बचाव करणाऱ्याची चूक) की चार्ज (चेंडू घेऊन येणाऱ्याची चूक), हा ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा आणि समजुतीचा भाग आहे. तिथे जोडीदाराचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी तो सोडून द्या आणि तो निर्णय आपलाच असल्यासारखे वागा. परंतु फ्री थ्रो कोणी घ्यायचे, किती घ्यायचे, त्या क्वार्टरमधील संघाचे फाऊल पाच झाले की नाही, बास्केट दोनची की तीनची, ही नियमाची आणि वस्तुस्थितीची बाब आहे. तिथे ज्येष्ठ, कनिष्ठ असे काही नसते. तिथे तुम्ही शिट्टी वाजवून खेळ थांबवायचाच आणि जोडीदाराकडे जाऊन सांगायचेच. अशा चुका दुरुस्त करायलाही मुदत असते: चुकीनंतर घड्याळ सुरू झाले, त्यानंतर पहिल्यांदा चेंडू डेड झाला, म्हणजे खेळ थांबला, आणि पुन्हा खेळात आला, की दुरुस्तीची वेळ निघून जाते. संकोचात गेलेले पाच सेकंद त्यामुळे पुन्हा मिळत नाहीत.

आता सामन्याआधीच्या चर्चेबद्दल. पंचांनी ठरलेल्या वेळेच्या २० मिनिटे आधी कोर्टवर असावे आणि तेव्हापासून त्यांचे अधिकार सुरू होतात, असा नियम आहे. तुमचे सहकारी दोन मिनिटे आधी येत असतील, तर त्यांना दोन मिनिटांत मावेल एवढेच विचारा. चर्चेला नकार देणारी बहुतेक अनुभवी माणसे चर्चेला नव्हे, तर लहानाकडून शिकवणी घेण्याला नकार देत असतात. त्यांना प्रश्न विचारला की ती उत्तर देतात. स्कोअरशीट तपासण्याच्या निमित्ताने टेबलाशी उभे राहून मी तीन प्रश्न विचारत असे. दोघांची शिट्टी एकदम वाजली तर कोणी घ्यायचे? क्वार्टरच्या शेवटच्या शॉटचे कोण पाहणार? माझ्या रेषेवरचे काही तुम्हाला वेगळे दिसले, तर मला कसे सांगाल? तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी “तुला बोलावीन” असे म्हटले, की ते दुरून हात हलवण्याआधी स्वतःच्याच शब्दाशी बांधले जातात. यात त्यांचा मान कुठेही कमी होत नाही आणि तुमचे काम होते.

आता मध्यरेषेजवळ थांबण्याची गोष्ट. कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते आणि दोघांत ते पुरेसे पाहायचे म्हटले तरी लीडने बेसलाइनवर असायलाच हवे, कारण बास्केटखालची ढकलाढकल मागून दिसत नाही. तो तिथे नसेल तर काय? पहिला मोह होतो तो दोघांचे काम एकट्याने करण्याचा. तुम्ही चेंडूही पाहू लागता, दूरच्या कोपऱ्यातले स्क्रीनही (प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून उभे राहणे) पाहू लागता, आणि यातले एकही धड पाहत नाही. त्यापेक्षा स्वतःची जागा थोडी पुढे आणि आत घ्या, ज्या दोन खेळाडूंमध्ये चेंडू आहे आणि बास्केटखाली जे गर्दी करून उभे आहेत त्यांनाच पाहा, आणि दूरच्या बाजूचे काही सुटेल हे मनोमन मान्य करा. इजा होऊ शकेल अशी गोष्ट मात्र कोणत्याही कोपऱ्यात दिसली तरी सोडू नका, मग तो भाग कोणाचाही असो.

तुमच्या पत्रात नसलेली एक शक्यता मी मांडते. माझ्या एका जोडीदारांना मी दोन वर्षे आळशी समजत होते. ते लीडला यायचे नाहीत आणि फाऊलनंतर जागा बदलायची वेळ आली की जिथे आहेत तिथेच थांबायचे. एके दिवशी सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीकडे जाताना पायऱ्यांपाशी ते थबकले, भिंतीला हात लावला आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढले. गुडघा पार गेला होता. त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगितले की नेमणुका बंद होतील ही त्यांना भीती होती. पुढच्या सामन्याआधी मी त्यांना म्हटले, “काका, लांबची अदलाबदल आपण टाळूया. मी धावते, तुम्ही चेंडूची बाजू सांभाळा.” त्या दिवसापासून आमची जोडी उत्तम जमली, आणि प्रशिक्षकाला एका वाक्यात शांत करण्याचे त्यांचे कसब मी त्याच सामन्यांमध्ये उचलले. तुमचे सहकारी तसेच आहेत असे मी म्हणत नाही. पण तक्रार करण्यापूर्वी एकदा एकांतात “सर, पाय दुखतोय का?” एवढे विचारून पाहा.

तरीही काही बदलले नाही, तर नेमणुका करणाऱ्यांकडे लेखी जा. त्यात त्यांच्या निर्णयक्षमतेबद्दल काही लिहू नका. उशिरा येणे, ठरलेल्या जागेवर न येणे, नियमाची चूक दुरुस्त करण्यास नकार देणे, एवढेच लिहा आणि तेही कोणता सामना, कोणते क्वार्टर, काय घडले, या क्रमाने. संघांच्या प्रशिक्षकांशी, खेळाडूंशी किंवा पंचांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातला एक शब्दही बोलू नका.

प्रश्न : आमच्या राज्यस्तरीय स्पर्धेत या वर्षी तीन पंचांची पद्धत होती. मी लीड असताना चेंडूच्या बाजूला सरकलो, की नियमाप्रमाणे ट्रेलने (मागे, मध्यरेषेजवळ असलेल्या पंचाने) खाली उतरून सेंटर (चेंडूच्या विरुद्ध बाजूला, फ्री थ्रो रेषेच्या सुमारास उभा पंच) व्हायला हवे. आमच्यातील एक पंच मात्र जागचे हलतच नव्हते. परिणामी दोघे पंच मागे ट्रेलच्याच जागी आणि सेंटरची जागा मोकळी, असे वारंवार झाले. विश्रांतीत बोललो तर “तुम्ही उगाच फिरता” असे उत्तर मिळाले. – एक पंच, पुणे जिल्हा

उत्तर : त्यांचे वाक्य तुम्हाला उद्धट वाटले असेल, पण त्यात तथ्य आहे का ते आधी तपासा. लीडने बाजू बदलायची ती चेंडू दुसऱ्या बाजूला जाऊन तिथे स्थिरावल्यावर. चेंडू नुसताच तिकडून फिरून परत येणार असेल, लगेच शॉट जाणार असेल किंवा कोणी बास्केटकडे मुसंडी मारली असेल, तर त्या क्षणी लीड बास्केटखालून चालत पलीकडे जात असतो आणि त्याला धड काहीच दिसत नाही. मी अनेक तरुण पंचांना पाहिले आहे की तीन पंचांची पद्धत नवीन शिकल्यावर ते प्रत्येक पासबरोबर फिरतात. असे झाले की ट्रेलला कळेनासे होते की आपण खाली उतरायचे की नाही, आणि दोनतीनदा फसगत झाल्यावर तो उतरणेच थांबवतो. सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध असेल, तर पहिल्या क्वार्टरमधले तुमचे प्रत्येक सरकणे मोजा आणि त्यातले किती वेळा चेंडू खरोखर त्या बाजूला थांबला ते पाहा. शाळेच्या सामन्यात पालकांनी भ्रमणध्वनीवर केलेले चित्रीकरणसुद्धा यासाठी पुरते.

तुमची वेळ बरोबर होती असे निघाले, तर दोष त्यांच्याकडे जातो, आणि तिघांच्या पद्धतीत एकाने न हलण्याचे परिणाम दोघांच्या पद्धतीपेक्षा वाईट असतात. दोघांमध्ये एक जण चुकला तर दुसऱ्याला निदान माहीत असते की आपण एकटे आहोत. तिघांमध्ये प्रत्येकाला वाटते की पलीकडे कोणीतरी आहे. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने १९७८-७९ च्या हंगामात तीन पंच वापरून पाहिले, नंतर पुन्हा दोनवर आले आणि १९८८ मध्ये तीन पंच कायमचे स्वीकारले, यावरून डोळ्यांची तिसरी जोडी नुसती वाढवून भागत नाही, ती बसवावी लागते, असे मला वाटते.

चालू सामन्यात एकच उपाय आहे. न हलणाऱ्या माणसाला स्थिर धरा आणि उरलेल्या दोघांनी त्याच्या भोवती जागा बसवून घ्या. तुम्ही सरकलात, त्या बाजूचा सेंटर ट्रेल झाला, पण मूळ ट्रेल उतरला नाही असे दिसले, की तुम्ही ताबडतोब परत आपल्या मूळ बाजूला या. बाजू बदलण्याची क्रिया तिसरा माणूस सेंटरच्या जागेवर पोहोचल्याशिवाय पूर्ण होत नाही, त्यामुळे परत येण्यात तुमची चूक नाही. पुढच्या डेड बॉलला त्यांच्याशी नजर मिळवा आणि हाताने जागा दाखवा. बोलू नका. चालू सामन्यात “तुम्ही का उतरला नाहीत” हा प्रश्न विचारून कधी कोणी उतरल्याचे मला आठवत नाही.

टाइमआउटमध्ये तिघे एकत्र उभे राहाल तेव्हा मात्र विषय काढा, आणि काढताना दोष कोणाचा हे बाजूला ठेवा: “दोनदा सेंटरची जागा मोकळी पडली. आता मी चेंडू थांबेपर्यंत सरकणार नाही. मी सरकलो की तुम्ही उतराल ना?” तुम्ही स्वतःबद्दल एक बदल आधी मान्य केलात, की समोरच्याला आपला बदल मान्य करणे सोपे जाते. हे मी पुष्कळ टाइमआउटमध्ये अनुभवले आहे.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी पंच परीक्षा उत्तीर्ण झाले. पुरुषांच्या सामन्यात माझे जोडीदार प्रशिक्षकाच्या तक्रारीवर दर वेळी “मॅडम नवीन आहेत, समजून घ्या” किंवा “तो माझा कॉल नव्हता” असे म्हणतात. सामना संपेपर्यंत दोन्ही संघ माझ्याकडे पाहणेच बंद करतात. ते हे वाईट हेतूने करतात असे मला वाटत नाही. – एक महिला पंच, विदर्भ

उत्तर : हेतू चांगला असेल, तरी हे वागणे तिन्ही पत्रांतल्या तक्रारींमध्ये मला सर्वांत गंभीर वाटते. उशिरा येणारा किंवा न धावणारा जोडीदार तुमचे काम वाढवतो. हा जोडीदार तुमचे काम काढून घेतो. प्रशिक्षकाशी गोड राहण्यासाठी तो तुमच्या शिट्टीची किंमत कमी करतो, आणि प्रशिक्षक लगेच ओळखतो की या पंचावर दबाव टाकला तर दुसरा पंच त्याला हातभार लावेल. थोड्याच वेळात तोच दबाव तुमच्या जोडीदारावरही येतो, कारण “तो माझा कॉल नव्हता” असे म्हणणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी “मग हा तरी तुमचा होता ना” असे ऐकावे लागते.

त्यांच्याशी बोलण्याची जागा म्हणजे सामन्याआधीचा पहिला निवांत क्षण. वाक्य लांबवू नका. “सर, माझ्या कॉलबद्दल कोणी विचारले, तर त्यांना माझ्याकडे पाठवा, मी उत्तर देईन. तुमच्या कॉलबद्दल मला विचारले, तर मी तुमच्याकडे पाठवीन.” यात तक्रार नाही, वागण्याची रीत ठरवलेली आहे आणि ती दोघांनाही सारखीच लागू आहे, त्यामुळे तिला नकार देणे कठीण असते. सामन्यात पुन्हा तसे झालेच, तर तुम्ही स्वतः त्या प्रशिक्षकाच्या जवळ जा आणि एका वाक्यात आपला निर्णय सांगा: “कोच, हात मनगटावर लागला, मी दोन मीटरवरून पाहिले.” आवाज चढवू नका आणि थांबू नका, सांगून लगेच वळा. संघांना तुमच्याकडून उत्तर मिळू लागले, की त्यांची नजर पुन्हा तुमच्याकडे येते.

महिला पंचाला पुरुषांच्या सामन्यात ही परीक्षा अधिक द्यावी लागते, हे मी नाकारत नाही. १९९७ साली व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या एनबीएच्या पहिल्या महिला पंच झाल्या, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगलाही तिथपर्यंत यायला पन्नास वर्षे लागली. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका सामन्यात “मॅडम, तुम्ही टेबलवर बसा ना” असे ऐकले आहे आणि ते म्हणणारे गृहस्थ पंचच होते. त्या दिवशी मी काही बोलले नाही, परंतु पूर्ण सामना बेसलाइनवर धावले आणि संपल्यावर स्कोअरशीटवर सही करताना त्यांच्या शेजारी उभी राहिले. आज मी तशी गप्प बसले नसते, आणि तुम्हीही बसू नका.

दुहेरी शिट्टीच्या बाबतीत एक खबरदारी घ्या, कारण अशा जोडीदाराबरोबर तुमचा निर्णय हिरावला जाण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त असते. दोघांच्या शिट्ट्या एकाच वेळी वाजल्या, की मूठ वर ठेवा आणि पुढची कोणतीही खूण करण्याआधी त्यांच्याकडे पाहा. खेळाडू ज्याच्याकडे तोंड करून येत होता आणि ज्याच्या भागात घटना घडली, त्याने निर्णय घ्यायचा. तो तुम्ही असाल तर एक पाऊल पुढे टाका आणि टेबलाकडे निघा. दोघांनी घाईत एकाने ब्लॉकची आणि दुसऱ्याने चार्जची खूण केली, की त्यातून सुटण्याचा सरळ मार्ग उरत नाही आणि नवीन म्हणून दोष तुमच्यावरच येतो.

तरीही त्यांनी कोर्टवर, सर्वांसमोर तुमच्याबद्दल अशी वाक्ये उच्चारणे चालूच ठेवले, तर तो निर्णयातला मतभेद उरत नाही आणि तुम्ही ते सहन करण्याचे कारण नाही. सामना संपल्यावर त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, नेमके शब्द, क्वार्टर आणि कोणासमोर ते म्हटले गेले हे कागदावर उतरवून नेमणुका करणाऱ्या समितीकडे द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. तेच सहकारी पुन्हा तुमच्या जोडीला आले, तर हा कागद दिल्याचे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा, सामन्याच्या आधी, कोर्टच्या एका बाजूला, तिसरे कोणी जवळ नसताना.